दोनशे चौदा अंगठे

"मॅडम, इतक्या लोकांनी मागितलंय. मग नाही कसं म्हणू?"

सांगलीत घरी बसून पुण्या-बेंगळुरूच्या कंपन्यांचं काम करणारी मुलं हल्ली माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. त्यांच्या तोंडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की लिहिणं भाग पडलं. नोकरीनंतर रात्री ही मुलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर सांभाळतात. कोड खुला, वापर फुकट. वापरणारे अडचणी आणि मागण्या नोंदवतात, इतर जण त्या नोंदीखाली अंगठा उठवून 'मलाही हवं' म्हणतात.

यातल्या एकाची गोष्ट त्याच्या परवानगीने, ओळख बदलून सांगते. वय एकोणतीस, वडिलांची मार्केट यार्डात हळदीची अडत. एका मागणीखाली २१४ अंगठे होते. ती पुरवायची तर अर्धा कोड नव्याने लिहावा लागणार होता. झोप उडालेली, जेवताना हातात फोन. "स्वार्थी आहेस," असं कुणी लिहिलं, तर दोन दिवस तोच शब्द डोक्यात.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांना मानणारी. 'लोकांना हवंय' आणि 'मी केलंच पाहिजे' ही दोन वाक्यं वेगळी आहेत. त्याच्या मनात ती एक झाली होती.

अंगठे आले कुठून, ते त्यानेच सांगितलं. पूर्वी लोक नुसतं 'प्लस वन' लिहायचे, दर वेळी सूचना येऊन सांभाळणारे हैराण व्हायचे. २०१६च्या जानेवारीत अनेकांनी मिळून गिटहबला, म्हणजे हा कोड आणि या नोंदी जिथे असतात त्या संकेतस्थळाला, खुलं पत्र लिहिलं आणि मार्चमध्ये अंगठ्याची सोय आली.

"म्हणजे तुमचा त्रास कमी व्हावा म्हणून अंगठा आला?"

"हो."

चौथ्या भेटीत मी विचारलं, "तुझ्या आजोबांच्या काळी उसनवारीच्या कागदावर अंगठा घेत असतील. बांधलं कोण जायचं?"

"ज्याचा अंगठा तो."

मग तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला. मीही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसायला मला वीस वर्षं लागली. शेवटी म्हणाला, "इथे अंगठे त्यांचे आणि बांधला गेलोय मी."

हे वाक्य मी दिलं असतं तर दारापर्यंतही टिकलं नसतं.

अंगठे फेकून द्यायचे नाहीत. 'आम्हालाही इथे दुखतंय' एवढं ते खरं सांगतात. औषध कोणतं, हे सांगत नाहीत. आणि ज्यांचं आज नीट चाललंय, ते कुठेच अंगठा उठवत नाहीत. बदल केला तर मोडेल त्यांचंच. म्हणून मी या मुलांना सांगते: मत मोजण्याआधी विचारा, "काय करताना अडलात?" नोंदी वाचायची वेळ ठरवा, फोनवरच्या सूचना बंद ठेवा. नकार द्यायचा तर कारणासह द्या आणि नोंद बंद करा. महिनोन्महिने लोंबकळत ठेवणं जास्त निर्दय. भाषा घसरली तर चर्चेला कुलूप लावायची सोय आहे, ती वापरताना अपराधी वाटून घेऊ नका. तुमच्या सॉफ्टवेअरच्या परवान्यातच लिहिलेलं असतं, 'आहे तसं, कोणत्याही हमीशिवाय.' तेही एकदा वाचा.

त्याने चार ओळींचं उत्तर लिहून ती मागणी बंद केली. रात्री नऊला फोन आला. आवाज थोडा कापत होता.

"एकतीस उलटे अंगठे आलेत, मॅडम."

"आणि तू?"

"जेवायला बसलोय. फोन आईकडे देतोय."