ख्रिसमस ट्रीची फांदी रुजली, पण रोप आडवंच वाढतंय

तुम्ही लिहिलंय की कुंडीतल्या अरोकेरियाची (आपल्याकडे ख्रिसमस ट्री म्हणतात त्या झाडाची) खालची फांदी लावली, काही महिन्यांनी मुळ्या फुटल्या, पण रोप वर न जाता एका बाजूला पसरतंय, आणि नर्सरीत विचारलं तर "काठी बांधा, सरळ होईल" असं सांगितलं. काठी सोडून टाका. हा सल्ला अगदी सर्रास मिळतो आणि लोकांची वर्षं वाया घालवतो, म्हणून सविस्तर लिहितो.

अरोकेरियात खोड आणि फांदी यांचा स्वभाव पक्का ठरलेला असतो. बाजूच्या फांदीचं कलम रुजलं तरी ते फांदीसारखंच वाढतं: आडवं, चपटं, दोन्ही बाजूंना उपफांद्या. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फोख्टिंग यांनी १९०४ मध्येच हे नोंदवलं होतं. उपफांदी लावली तर तिला पुढे फाटेही फुटत नाहीत. काठीने बांधून ती उभी दिसेल, पण थरांचं गोल झाड होणार नाही. तुमचं रोप जिवंत आहे, तर टांगत्या कुंडीत ठेवा, तिथे शोभेल.

उभं झाड हवं असेल तर कलम फक्त मधल्या शेंड्याचं. एकच झाड असेल तर मी हे करू नका असंच म्हणेन, कारण शेंडा गेला की त्याचा डौल कायमचा बिघडतो. खालचे थर विरळ झालेलं, उंच वाढलेलं झाड असेल तर मात्र जरूर करा. शेंडा वरच्या एका थरासकट १५ सेंमीच्या आसपास कापा. कापाजवळ मूळ खोडावर काही महिन्यांत उभे कोंब येतात. ते १०-१५ सेंमीचे झाले की एक ठेवून बाकीचे कापून लावा. तेही सरळच वाढतात. शेंड्यालाच गुटी बांधणं, म्हणजे तो न कापता झाडावरच त्याला मुळ्या फोडून घेणं, जास्त सुरक्षित, कारण मुळ्या दिसेपर्यंत तो झाडावरच पोसला जातो.

कापल्यावर चिकट चीक येतो. तो थांबेपर्यंत वाट बघा, ओल्या फडक्याने पुसा, मगच रूटिंग हार्मोन (मुळ्या फुटायला मदत करणारी पावडर) लावा. पावडर कडक काड्यांसाठीची घ्या. मऊ काड्यांसाठीची सौम्य पडते. हळद, मध, कोरफड यांवर माझा भरवसा नाही. माध्यम निम्मं कोकोपीट, निम्मी धुतलेली जाडसर वाळू किंवा परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खडे). बागेची माती आणि शेणखत नकोच, बुड कुजतं. वरून पारदर्शक पिशवी, जागा उजेडाची पण थेट उन्हाची नाही. पिशवीत ऊन शिरलं की कलम उकडून निघतं.

सूचिपर्णी झाडांत फसवणारी गोष्ट म्हणजे कलम मुळ्यांशिवायही महिनोन् महिने हिरवं राहतं. बुडाला नुसती गाठ धरते आणि आपण खूश होतो. उपटून बघू नका. शेंड्यावर नवी पोपटी वाढ दिसली आणि कुंडीच्या भोकातून मूळ डोकावलं की मगच हलवा.

हे मुंबई-पुण्याच्या हवेपुरतं सांगतोय. नोव्हेंबर ते जानेवारीत लावलं तर मार्चच्या उन्हाआधी थोडा अवधी मिळतो. पावसाळ्यात बुरशी फार.

हात बसवायचा असेल तर आधी मोरपंखीवर करा. या वर्षीची, बुड जेमतेम तपकिरी झालेली १०-१२ सेंमीची काडी कापू नका, खाली ओढून काढा, म्हणजे जुन्या लाकडाची टाच सोबत येते. खालचा एक तृतीयांश भाग पानांविना करा. मोरपंखीत अरोकेरियाइतका आडवेपणा नसतो, तरी काडी वरच्या, उभ्या भागातलीच घ्या. पाच-सहा काड्या एकाच कुंडीत कडेने लावा, निदान दोन-तीन तरी धरतील. पिशवी काढताना एकदम काढू नका; आधी कोपरा उघडा, आठवड्याभराने पूर्ण.