थायलंडची पहिली समूह सहल: कंपनीआधी महिना ठरवा

थायलंडची बेटे, किनारे आणि उत्तरेकडचे डोंगर एकाच समूह सहलीत पाहावेत असे आपल्याला वाटत असेल, तर ते रास्तच आहे. मात्र सहल कंपनी निवडण्याआधी महिना निवडा. अंदमान समुद्राकडील फुकेत आणि क्राबी येथे साधारण मे ते ऑक्टोबर पावसाळा असतो, थायलंडच्या आखातातील को सामुई बेटावर ऑक्टोबर ते डिसेंबरदरम्यान सर्वाधिक पाऊस पडतो, तर उत्तरेकडच्या चियांग माई शहराच्या परिसरात मार्च-एप्रिलमध्ये शेते व जंगले जाळल्याचा धूर असा दाटतो की समोरचा डोंगर दिसेनासा होतो. माझ्या मते डोंगर आणि किनारे दोन्हींसाठी जानेवारीचा उत्तरार्ध सर्वांत सोयीचा.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे सात दिवसांत पाच मुक्काम. चियांग माईत तीन रात्री आणि क्राबीत तीन रात्री एवढेच ठेवा, आणि मधला प्रवास विमानानेच करा.

पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्या:

- राष्ट्रीय उद्यानांचे प्रवेशशुल्क दरात धरले आहे का? परदेशी पर्यटकांना ते बरेच जास्त पडते.
- फी फी बेटांवरचा माया बे हा किनारा पाहायचा असेल, तर तो त्या तारखांना खुला आहे का?
- शाकाहारी जेवणात माशांचा सॉस टाळला जाईल का? तेथे ‘जे’ हा शब्द सांगितला की मांस-मासे वर्ज्य हे समजते.

स्पीडबोटीत मागच्या बाकावर बसा, कारण पुढे प्रत्येक लाटेचा दणका थेट कमरेत बसतो. चियांग माईकडचे दोई इंथानोन हे २,५६५ मीटर उंचीचे शिखर पहाटे गाठणार असाल, तर स्वेटर जरूर न्या.