रोबोट व्हॅक्यूम, टॉकबॅक आणि ‘बटन, बटन, बटन’

सेल संपला की आठवड्याभरात माझ्याकडे घर झाडणाऱ्या रोबोट व्हॅक्यूमबद्दल तेच प्रश्न यायला लागतात, म्हणून यावेळी एकदाच सगळ्यांना उत्तरं देतेय. मलाही दिसत नाही आणि मीही घरात असला रोबोट फिरवते, त्यामुळे ऐकीव काही सांगणार नाही.

दुकानदार म्हणाला अलेक्सावर चालतो, म्हणजे अंधांना काहीच प्रॉब्लेम नाही. खरंय का?

नाही. अलेक्साला सांगून रोबोट सुरू होतो, थांबतो, डॉकवर (चार्जिंगच्या जागेवर) परत जातो, काही मॉडेलमध्ये ‘स्वयंपाकघर झाड’ हेही जमतं. पण त्या खोलीला ‘स्वयंपाकघर’ हे नाव द्यायचं कुठे? ॲपमध्येच ना! दुकानदाराला त्याचं मॉडेल खपवायचंय. पैसे द्यायच्या आधी स्वतःच्या फोनवर ॲप टाकून टॉकबॅकने, म्हणजे अँड्रॉइडमधल्या स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरने, उघडून बघा, आणि तेच मॉडेल वापरणारा कुणी अंध माणूस ओळखीत असेल तर त्याला फोन करा.

वायफायलाच जोडत नाहीये.

बऱ्याच रोबोटांना 5 गिगाहर्ट्झचं वायफाय पकडता येत नाही, 2.4 लागतं, इंटरनेटवाल्याला विचारा.

सगळी बटणं नुसतं ‘अनलेबल्ड बटन’ म्हणतात. आपणच नावं देऊ शकतो ना?

देऊ शकता. आयफोनवर बटणावर येऊन दोन बोटांनी दोनदा टॅप करायचं आणि दुसऱ्या वेळी बोटं तशीच धरून ठेवायची. टॉकबॅकमध्ये तीन बोटांनी टॅप केलं की मेन्यू येतो, त्यात लेबलचा पर्याय असतो, पण तो प्रत्येक बटणाला मिळतोच असं नाही, आणि अपडेट आलं की नावं उडूही शकतात. पहिल्यांदा नावं देताना शेजारी डोळस माणूस बसवा. कुठलं बटण काय करतं हे चाचपून शोधायला जाल आणि अख्खा नकाशा डिलीट करून बसाल.

नकाशाच्या जागी बोट नेलं की टॉकबॅक गप्प. फोन बिघडलाय का? भाचा म्हणतो, तुला नकाशा काय करायचाय, मी करून देतो.

फोन ठीक आहे. ॲप बनवणाऱ्यांनी नकाशा म्हणजे एक चित्र टाकलंय, त्यातल्या खोल्यांची नावं स्क्रीन रीडरला दिलेलीच नाहीत, मग तो वाचणार काय?

आणि भाच्याला सांगा, नकाशा मलाच हवाय. मागच्या वर्षी माझ्या रोबोटला एक अपडेट आलं, त्यानंतर त्याने घराचा नकाशा नव्याने काढला आणि देवघरापुढे आखून घेतलेली नो-गो झोन, म्हणजे रोबोटने जायचं नाही ती जागा, गेली. मला कळलं कधी, तर पाय सटकला तेव्हा. समईखालच्या ताटलीला धडकून त्याने तेल सांडलं आणि ओल्या मॉपने ते हॉलपर्यंत व्यवस्थित सारवून ठेवलं. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे, मॅडम, मॅपचा स्क्रीनशॉट पाठवा!

झोन काढायला चौकोन बोटाने ओढावा लागतो. स्क्रीन रीडर चालू असताना दोनदा टॅप करून बोट धरून ओढता येतं, पण कुठून कुठे ओढलं हे कोण सांगणार? वेबसाठीच्या, आणि ॲपलाही लावल्या जाणाऱ्या, डब्ल्यूसीएजी 2.2 या सुगम्यतेच्या नियमावलीत 2023 पासूनच लिहिलंय की ओढणं अगदीच अपरिहार्य नसेल तर ओढण्याच्या कामाला न ओढता करायचा पर्याय हवा. खोल्यांची साधी यादी द्या, चौकोन सरकवायला चार बटणं द्या, झालं. तोवर भाच्याकडून करून घ्या, पण अकाउंट तुमच्याच मोबाईल नंबरवर ठेवा, तो उद्या बंगलोरला गेला की तुमच्या घराची किल्ली त्याच्या खिशात नको, आणि प्रत्येक अपडेटनंतर झोन आहेत का हे कुणाकडून तरी बघून घ्या. समई पेटलेली असताना रोबोट सोडूच नका.

कंपनीचं ॲप सोडून दुसरं काही?

आयफोन असेल तर आयओएस 18.4 पासून ॲपलच्या होम ॲपमध्ये मॅटरवाले रोबोट (मॅटर म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची स्मार्ट उपकरणं एकत्र चालावीत म्हणून केलेलं मानक) जोडता येतात, व्हॉइसओव्हर, म्हणजे आयफोनचा स्क्रीन रीडर, तिथे नीट बोलतो. सगळी सेटिंग्ज मिळत नाहीत. तुमचं मॉडेल बसतं का ते सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या.

दोन महिने झाले घेऊन, ॲप वापरताच येत नाही. केस करू का?

दोन महिने काय करत होतात? रिटर्नच्या मुदतीत बोलायला हवं होतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सुगम्यतेची कलमं आहेत, ॲप-वेबसाइटच्या सुगम्यतेसाठी आयएस 17802 हे भारतीय मानकही आहे, पण तुमच्या ॲपला त्यातलं काय लागू होतं हे वकिलालाच विचारा, किंवा पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात चौकशी करा. आधी कंपनीला ईमेल, कुठलं बटण काय बोलतं ते रेकॉर्डिंगसकट. ‘ॲप चालत नाही’ एवढंच लिहिलं तर उत्तर येईल, फोन रीस्टार्ट करा.

रोबोट घरातच हरवलाय.

ॲपमधलं ‘फाइंड रोबोट’ दाबा, तो आवाज देतो. बॅटरी संपली असेल तर देणार नाही, मग पलंगाखाली काठी फिरवा.