जीसीचं (गॅस क्रोमॅटोग्राफचं) इनलेट उघडण्याआधी कोणते पीक्स घटले ते पाहा

वनस्पतींच्या अर्काची साधारण ८० इंजेक्शनं झाल्यावर उशिरा येणारे पीक्स (आलेखातले उंचवटे) घटले, काहींना टेलिंग (मागे लांबलेली शेपूट) आलं आणि ब्लँकमध्येही (नमुन्याविना नुसत्या विद्रावकातही) घोस्ट पीक्स (नसलेल्या संयुगांचे पीक्स) दिसू लागले, असा प्रश्न आहे. या तिन्हींचं कारण एकच असेल असं नाही. त्यामुळे सेप्टम (सुई जिथून आत जाते ती रबरी चकती), लायनर (इनलेटमधली काचेची नळी, जिथे नमुन्याची वाफ होते), कॉलम (संयुगं वेगळी करणारी लांब बारीक नळी) सगळं एका दमात बदलू नका. सिग्नल परत येईल, पण तो कशामुळे गेला होता ते कळणार नाही.

सगळ्याच पीक्सचं क्षेत्रफळ सारख्या प्रमाणात घटलं असेल तर आधी सिरिंज आणि गळती तपासा. फक्त जड, उशिरा येणारी संयुगं घटली असतील तर मळलेला लायनर, सरकलेली ग्लास वूल (लायनरमधला काचेच्या तंतूंचा बोळा) किंवा चुकीच्या उंचीवर बसलेला कॉलम. फिनॉल, अमाइन यांसारखी ध्रुवीय संयुगं शेपूट टाकत असतील तर लायनर किंवा गोल्ड सील (इनलेटच्या तळाची सोन्याचा मुलामा असलेली चकती) सक्रिय झालंय, म्हणजे ही संयुगं तिथे चिकटतात. खात्रीसाठी डीडीटी आणि एन्ड्रिन या कीटकनाशकांचं मिश्रण सोडून विघटन मोजा. अमेरिकी ईपीएच्या (पर्यावरण संरक्षण संस्थेच्या) ८०८१ पद्धतीत प्रत्येकी १५ टक्क्यांच्या वर गेलं की दुरुस्ती करावीच लागते.

घोस्ट पीक्ससाठी काहीही इंजेक्ट न करता नुसता प्रोग्रॅम चालवा. पीक्स गेले तर सिरिंज, विद्रावक किंवा वायलची झाकणं तपासा. राहिले आणि मास स्पेक्ट्रममध्ये ७३, १४७, २०७, २८१ दिसले तर ते सिलोक्सेन (सेप्टम किंवा कॉलममधून सुटलेलं सिलिकॉनचं द्रव्य) आहेत. ठरावीक अंतराने सुटे पीक्स म्हणजे बहुधा सेप्टम. बेसलाइनच तापमानाबरोबर चढत असेल तर कॉलम ब्लीड (कॉलमच्या आतला थर झिजून बाहेर येणं). सेप्टमचा नट गरजेपेक्षा जास्त आवळला की सुई सेप्टमचे तुकडे पाडते आणि ते लायनरमध्ये शिजत राहतात. अशा वेळी नुसता सेप्टम बदलून भागत नाही.

उघडताना आधी ओव्हन थंड करा, मग इनलेट ५० अंशांखाली आणा. गरम कॉलममध्ये हवा शिरली की स्टेशनरी फेज (कॉलमच्या आतला थर) खराब होते. नवा लायनर चिमट्यानेच धरा, ओ-रिंगही नवी घाला. जुना लायनर ब्रशने घासून वापरणं कमी सांद्रतेच्या कामात परवडत नाही, कारण डीअ‍ॅक्टिव्हेशनचा (काच निष्क्रिय ठेवणारा) थर निघून जातो. गोल्ड सील मात्र बरेच जण विसरतात. त्यावर काळं वर्तुळ दिसलं तर वॉशरसकट बदला.

कॉलमचे पुढचे २०-३० सेंमी कापा. नट आणि फेरूल (नटाखालची गळती रोखणारी कडी) आधी ओवा, मग कापा. उलट केलंत तर फेरूलचा चुरा कॉलमच्या तोंडात जातो. काप सरळ आहे का ते भिंगाने बघा. फेरूलच्या वर किती टोक ठेवायचं ते तुमच्या मॅन्युअलमध्ये असतं. अ‍ॅजिलंटच्या स्प्लिट-स्प्लिटलेस इनलेटमध्ये ४-६ मिमी. व्हेस्पेल-ग्रॅफाइट फेरूल तापल्यावर आक्रसतं, म्हणून दोन-तीन तापमान-चक्रांनंतर नट किंचित पुन्हा आवळा. गळती इलेक्ट्रॉनिक डिटेक्टरने शोधा, साबणाच्या पाण्याने कधीच नाही. मास स्पेक्ट्रोमीटर असेल तर २८ (नायट्रोजन) आणि ३२ (ऑक्सिजन) बघा. २८ हा ३२ च्या साधारण चौपट असेल तर हवा आत येतेय. मग १०-१५ मिनिटं कॅरिअर गॅस (नमुना पुढे नेणारा वायू) वाहू द्या आणि त्यानंतरच तापवा.

एवढं करूनही घाण लवकर परतत असेल तर बॅकफ्लॅशचा (वाफ लायनरमध्ये न मावता बाहेर उसळण्याचा) संशय घ्या. २५० अंश आणि १० पीएसआय दाबाला १ मायक्रोलिटर अ‍ॅसिटोनायट्राइलची वाफ सुमारे अर्धा मिली होते, पाण्याची जवळपास १.४ मिली. ४ मिमी लायनरमध्ये जेमतेम १ मिली जागा, त्यातही वूल. जास्तीची वाफ सेप्टम पर्ज (सेप्टमखालून गॅस बाहेर नेणारी वाट) आणि गॅसच्या नळ्यांत शिरते, आणि तिथली घाण लायनर बदलून निघत नाही. इंजेक्शन १ मायक्रोलिटरवर आणा किंवा इंजेक्शनच्या वेळी दाब ३० पीएसआयच्या आसपास चढवा.

स्प्लिट व्हेंटचा (जादा वाफ बाहेर सोडणाऱ्या वाटेचा) ट्रॅपही साधारण सहा महिन्यांनी बदला. तो तुंबला की इनलेटचा दाब सेट केलेल्या आकड्याच्या वर राहतो.

लायनर बदलल्यावर लगेच कॅलिब्रेशन लावू नका. आधी अर्काची दोन-तीन इंजेक्शनं द्या. कॉलम कापल्यामुळे रिटेन्शन टाइम (पीक येण्याच्या वेळा) थोडे अलीकडे येतात, त्यामुळे विंडोही (पीक ओळखण्याच्या वेळेच्या मर्यादाही) नव्याने लावाव्या लागतील.