सर्व्हरची मेमरी कोणी खाल्ली?

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. प्रोग्रामने मॅलॉककडे (मेमरी मागायचं फंक्शन) १ जीबी मागितली, त्याने मुकाट दिली, पण 'पीएस' या प्रोसेस दाखवणाऱ्या कमांडमधला आरएसएस, म्हणजे प्रत्यक्ष रॅममध्ये असलेल्या मेमरीचा आकडा, जागचा हलला नाही, म्हणून तू आकड्यावर संशय घेतलास. आकडा बरोबर आहे. लिनक्सने तुला अजून मेमरी दिलेलीच नाही, नुसते पत्ते दिलेत. वाढला तो व्हीएसझेड, म्हणजे नुसत्या दिलेल्या पत्त्यांचा आकडा.

मेमरी ४०९६ बाइटांच्या तुकड्यांत वाटली जाते, त्या तुकड्याला पान (पेज) म्हणतात. आता त्या जागेत दर ४०९६ बाइटनंतर एकेक बाइट लिहून बघ. (ट्रान्सपरंट ह्यूज पेज, म्हणजे आपोआप मोठी पानं देण्याची सोय, बंद ठेव, नाहीतर गंमत दिसणार नाही.) पानाला पहिल्यांदा हात लागला की प्रोसेसर अडतो, पेज फॉल्ट होतो. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, शून्यांनी भरलेलं एक पान आणतो, पेज टेबलात (कोणता पत्ता रॅममध्ये कुठे आहे त्याची नोंदवही) त्याची नोंद करतो आणि अडलेली सूचना पुन्हा चालवतो. असं २,६२,१४४ वेळा. नावात 'फॉल्ट' आहे म्हणून दचकू नकोस, कर्नलचं हे रोजचंच काम.

मग प्रॉकमधल्या (कर्नलची माहिती दाखवणारी डिरेक्टरी) त्या प्रोसेसच्या स्टेटस फाइलीत व्हीएमपीटीईची, म्हणजे पेज टेबलाने घेतलेल्या मेमरीची, ओळ बघ. ती साधारण २ एमबीने वाढलेली असेल, कारण एका नोंदीला ८ बाइट लागतात. या ओळीकडे सहसा कोणी बघत नाही. मीही बघत नव्हतो, आणि त्यापायी दोन रात्री जागलो.

एका नोकरीत आमच्या डेटाबेसची ८ जीबी शेअर्ड मेमरी होती आणि प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस. गर्दीच्या वेळी ५०० च्या आसपास. रॅम संपत होती आणि मी लीक (घेऊन परत न केलेली मेमरी) शोधत बसलो होतो. आरएसएसची बेरीज करून काही कळेना, कारण तीच ८ जीबी ज्या प्रोसेसने वापरली तिच्या तिच्या खात्यावर पडत होती. शेवटी प्रॉकमधल्याच मेमइन्फो फाइलीतली पेजटेबल्सची, म्हणजे सगळ्या प्रोसेसच्या पेज टेबलांच्या बेरजेची, ओळ दिसली: जवळजवळ ८ जीबी! मेमरी सामाईक होती, पण तिच्या नोंदवह्या ज्याच्या त्याच्या वेगळ्या. एकेक वही १६ एमबीची, अशा ५००.

तू म्हणशील, नोंदी एकाच सपाट यादीत का नाहीत? ४८ बिटांच्या पत्त्याला सपाट यादी केली तर ती एका प्रोसेसमागे ५१२ जीबीची होईल. म्हणून एक्स८६-६४ वर (इंटेल-एएमडीचे ६४ बिटी प्रोसेसर) सहसा चार पातळ्यांचं झाड असतं: दर पातळीला ९ बिट, म्हणजे ५१२ नोंदी, म्हणजे बरोबर एक पान. उरलेले १२ बिट पानाच्या आतली जागा सांगतात. जी फांदी वापरात नाही, ती बनवलीच जात नाही. मला हे झाड अजूनही फार देखणं वाटतं.

आमचा उपाय होता २ एमबीची ह्यूज पेजेस. मग सगळ्यात खालची पातळीच गळते आणि वही १६ एमबीवरून ३२ केबीवर येते. पण चालू सर्व्हरवर ती मागितली तेव्हा कर्नलने निम्मीसुद्धा दिली नाहीत, आणि तक्रारही केली नाही. रॅममध्ये २ एमबीचे सलग तुकडेच उरले नव्हते. शेवटी बूटच्या वेळी राखून ठेवावी लागली.

तुझ्याकडच्या सर्व्हरवर पेजटेबल्सची ओळ किती दाखवते, ते आधी कळव. टीएलबीचं (प्रोसेसरमधली या नोंदींची छोटी कॅश) त्यानंतर बोलू.