रक्त देऊन दोन महिने झाले तरी धाप लागते; लोहाच्या गोळ्या घ्याव्यात का?

तुम्ही लिहिलंय की वय २४, दोन महिन्यांपूर्वी शिबिरात ३५० मिली रक्त दिलं आणि तेव्हा हिमोग्लोबिन १२.६ होतं. आता दोन जिने चढले की धाप लागते, केस गळतात. आई बीटाचा रस आणि गूळ-शेंगदाणे देते. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांनी पोट बिघडलं, म्हणून चार दिवसांत सोडल्या. गोळ्या खरंच लागतात का आणि पुन्हा रक्त कधी देता येईल, हे तुम्हाला हवंय.

मी डॉक्टर नाही. पंधराएक वर्षं रक्त देतेय, आणि तुमच्यासारखीच एकदा पुरती दमून गेले होते.

शिबिरात माइकवरून सांगतात की दिलेलं रक्त एक-दोन दिवसांत भरून निघतं. भरून निघतो तो रक्तातला पाण्याचा भाग. लाल पेशींना महिना-दीड महिना लागतो, तोही शरीरात लोह शिल्लक असेल तर. तुमचा हिशोब करून पाहिला. १ ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये साधारण ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे १२.६ हिमोग्लोबिन असताना ३५० मिली रक्तातून सुमारे १५० मिलिग्रॅम लोह गेलं. जेवणातून अंगी लागतं ते दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम, आणि त्यातलं बरंचसं रोजच्या झिजेत आणि पाळीत जातं. आता सांगा, दोन महिन्यांत ही भरपाई कुठून होणार?

शिवाय १२.५ ही रक्तदानाची किमान मर्यादा आहे, तुम्ही अगदी काठावर होता. आणि हिमोग्लोबिन म्हणजे रोजच्या वापरातला डबा. कणगीत, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्यात, किती उरलंय ते कळतं फेरिटिनच्या तपासणीत, आणि ती शिबिरात होत नाही. माझ्या वेळी बोटातला थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात टाकायचे. बुडाला की पास. माझा दरवेळी बुडायचा. मग एका वर्षी तो तरंगला आणि मला परत पाठवलं. तपासलं तर फेरिटिन ९, म्हणजे कणगी जवळजवळ रिकामी. त्याआधी कित्येक महिने मी तांदूळ निवडताना मूठ-मूठ कच्चे तांदूळ खात होते आणि रात्री पाय तळमळायचे. ही दोन्ही लोह कमी झाल्याची लक्षणं असतात, हे तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्हाला असं काही होत असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा.

म्हणून आधी सीबीसी (रक्तातल्या पेशी आणि हिमोग्लोबिनची साधी तपासणी) आणि फेरिटिन करून घ्या, मग गोळ्या. अंगात ताप किंवा संसर्ग असताना करू नका, तेव्हा फेरिटिनचा आकडा फसवा वाढलेला येतो. आणि तपासणी टाळू नका, कारण थॅलेसेमिया मायनर (आईवडिलांकडून आलेला हिमोग्लोबिनचा सौम्य दोष) असलेल्यांच्या लाल पेशीही लोह कमी असल्यासारख्या लहान दिसतात, त्यांना लोहाची कमतरता नसताना वर्षानुवर्षं गोळ्या दिल्या जातात. पाळीत खूप रक्त जात असेल तर तेही बोला, नुसत्या गोळ्यांनी ते गळणं थांबत नाही.

लोह कमी निघालं तर मात्र गोळ्या घ्याच. अमेरिकेतला २०१५ चा एक अभ्यास आहे, २१५ रक्तदात्यांचा. एका गटाला रक्तदानानंतर रोज ३७.५ मिलिग्रॅम लोह दिलं, दुसऱ्याला काहीच नाही. न घेणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश लोकांचं लोह १६८ दिवसांनंतरही पूर्ववत झालं नव्हतं. आणि दिलेला डोस बघा, ३७.५! आपल्याकडे मेडिकलमध्ये सहज मिळते ती गोळी बहुधा १०० मिलिग्रॅमची असते. तुमचं पोट त्यानेच बिघडलं असण्याची शक्यता आहे. डॉक्टरांना कमी ताकदीची गोळी किंवा एक दिवसाआड घेण्याबद्दल विचारा. एक गोळी घेतली की हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि साधारण दिवसभर पुढचं लोह आतड्यातून नीट शोषू देत नाही. त्यामुळे एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह जास्त प्रमाणात अंगी लागतं. शौचाला काळं होईल, त्याला घाबरू नका.

मी पहिले दोन महिने गोळी सकाळच्या चहाबरोबर घेतली आणि आकडा हललाच नाही. चहा-कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून किमान दीड-दोन तास लांब ठेवा. लिंबूपाण्याबरोबर घ्या. घरात लहान मूल असेल तर डबी कुलपात ठेवा, मोठ्यांच्या थोड्याशा गोळ्याही लहान मुलाच्या जिवावर बेततात.

आईच्या मायेला नाही म्हणू नका, पण बीटाचा रंगच तेवढा रक्तासारखा, १०० ग्रॅममध्ये लोह १ मिलिग्रॅमसुद्धा नसतं. खात असाल तर कलेजी आणि तिसऱ्या (शिंपल्या) उत्तम. नसाल तर अळीव, मटकी, बाजरी खा, वर लिंबू पिळून. जेवल्या जेवल्या चहा नको, हे सगळ्यात महत्त्वाचं. एवढं केलं तरी रिकामी कणगी जेवणावर भरायला फार वेळ लागतो.

पुन्हा रक्तदान? नियमाने बायकांना १२० दिवसांनी देता येतं, पण ती कमीत कमी मुदत आहे. त्या दिवशी दिलंच पाहिजे असं नाही. तुम्ही फेरिटिन वर आल्याशिवाय देऊ नका. माझं वर यायला सहा महिने लागले. आता मी वर्षातून एकदाच देते, मे महिन्यात. तेव्हा कॉलेजं बंद असतात, शिबिरं होत नाहीत आणि रक्तपेढ्यांत पिशव्या कमी पडतात.