कझाकस्तानच्या झेंड्यावर कडेला ती वळणावळणाची सोनेरी नक्षी कसली आहे?

ती मेंढ्याची शिंगं आहेत! कझाक भाषेत 'कोश्कर-मुयीझ'. भटक्या लोकांचं सगळं धन म्हणजे मेंढरं नि घोडे, त्यामुळे हीच नक्षी नमद्याच्या, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाच्या, गालिच्यावरही दिसते. झेंडा १९९२ चा, त्यावर ३२ किरणांचा सूर्य नि खाली गरुडपण आहे.

पण मला विचाराल तर खरी भारी खूण राजचिन्हावर आहे, शानिराक, म्हणजे त्यांच्या गोल तंबूच्या माथ्यावरचं लाकडी कडं, आत वाकवलेल्या काठ्यांची फुली, त्यातून उजेड आत येतो, चुलीचा धूर बाहेर जातो, पाऊस आला की दोरी ओढून वरून नमदा झाकायचा. वडिलांचं घर परंपरेने धाकट्या मुलाकडे जातं, थोरल्याकडे नाही, नि त्या मूळ घराला 'कारा शानिराक' म्हणतात.